सरकार देतं की मेहुणे

त्या मुलीनं कुणाला काहीही सांगितलं नव्हतं. हे आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढचं कुणी वाचलं नाही तरी चालेल. सांडोरच्या त्या घरातली गोष्ट तिच्या तोंडून बाहेर गेली नाही. ती मी सांगितली. ज्याला कळू द्यायची नव्हती नेमकं त्यालाच सांगितली, आणि नंतर मुलीनं मला विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो.

आता बाकीचं.

माझी सगळी नोकरी लोकांना प्रश्न विचारण्यात गेली. आकडेवारीच्या सरकारी कार्यालयात होतो. घरात माणसं किती, कमावती किती, धान्य किती लागतं, डॉक्टरला किती गेले, असे प्रश्न. निवृत्त झालो, पुढे बायको गेली, आणि वसई रोडच्या फ्लॅटमध्ये दुपार संपेनाशी झाली. तेव्हा एका खाजगी संस्थेनं पर्यवेक्षकाचं काम देऊ केलं. पाहणी वसई तालुक्यात करायची होती. अनुभवी माणूस हवा होता. मी लगेच हो म्हणालो.

पाहणी वेगळी होती. घराची कमाई विचारायची नव्हती. घराला बाहेरून काय आधार मिळतो ते विचारायचं होतं. सरकारकडून काय येतं: रेशन, निराधारांचं पेन्शन, बायकांच्या खात्यात जमा होणारे पैसे, दवाखान्याचं कार्ड. आणि सरकार सोडून बाकीच्यांकडून काय येतं: भाऊ, परदेशातला मुलगा, चर्चची मंडळी, मालक, शेजारी. एक घर उभं आहे ते स्वतःच्या पायावर किती आणि दुसऱ्यांच्या खांद्यावर किती, हे मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. करायला गेलं की कळतं, लोकांना घेतलेलं सांगायला कमावलेलं सांगण्यापेक्षा जास्त जड जातं.

म्हणून घरोघर जाऊन माहिती घेणाऱ्या मुलांना शिकवताना मी पहिल्याच दिवशी सांगायचो, मदत हा शब्द तोंडातून काढायचा नाही. मदत मिळते का म्हणून विचारलंत की माणूस नाही म्हणतो आणि दार लोटतो. काय येतं, कुठून येतं, असं विचारा. बाईला तर माहेरचं वेगळं विचारा, कारण माहेरून आलेलं तिच्या लेखी मदत नसतंच. मुलं वहीत लिहून घ्यायची. अंबाडी रोडजवळच्या एका हॉलमध्ये आमचं प्रशिक्षण चाललं होतं. संध्याकाळी परत आली की दिवसभराच्या गमती सांगायची. उमेळ्यातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं होतं, मुलगा काही देतो का. तो म्हणाला, "देतो की. सल्ला देतो." एका बाईनं उलट विचारलं होतं, सरकार देतं ते इथे लिहिता, घेतं ते कुठल्या पानावर. मी हसायचो. माझ्या आयुष्यातला तो बरा काळ होता, हेही लिहायला हवं.

प्रश्नांची एक पद्धत ठरलेली होती. सरकारचा भाग घरातल्या कर्त्याला विचारायचा आणि नातेवाइकांचा भाग घर चालवणाऱ्या बाईला, शक्यतो एकटीला. नियम माझा नव्हता, पण पटलेला होता. पुरुषाला रेशनकार्डाचा रंग ठाऊक असतो. तांदळाच्या डब्यात भावानं दिलेला तांदूळ किती आणि दुकानातला किती, हे त्याला ठाऊक नसतं.

त्या मुलांमधलीच ती मुलगी, सांडोरची. बी.कॉम. झालेली, घरी आई आणि ती. वडील नव्हते. आई वाडीत भाजी करायची आणि वसईच्या बाजारात नेऊन विकायची. खरं तर ज्या गावची माणसं मोजायची त्याच गावचा माणूस तिथे पाठवू नये, हे मला चांगलं माहीत होतं. पण आमची बाहेरची दोन मुलं सांडोरला जाऊन हात हलवत परत आली होती. या गावांत सर्व्हे म्हटलं की लोकांना पहिली जमीन आठवते. कुणीतरी मोजायला येतो आणि मागोमाग रस्ता येतो किंवा बिल्डर येतो, असा त्यांचा अनुभव. फाटकातूनच विचारायचे, कुणी पाठवलंय तुम्हाला. मग मी त्या मुलीला पाठवलं. तिला सगळे आत बोलवायचे. घरात ती त्यांच्या बोलीत बोलायची आणि मला येऊन मराठीत सांगायची. एका घरात तिला तास-तास लागायचा. मी रागवायचो. पण तिची माहिती इतरांपेक्षा भरलेली असायची, कारण ती प्रत्येक घरात बसताना एकच गोष्ट सांगायची: इथलं इथंच राहील. ही ओळही मीच शिकवलेली.

त्या भागात घरातून रिकाम्या हातानं उठू देत नाहीत. केळ्यांची एक फणी, शेवग्याच्या चार शेंगा, कागदात बांधलेला मोगरा, काहीतरी देतातच. सर्व्हेवाला आला तरी देतात. मुलं म्हणायची, सर, आता आपल्या घराला मिळालेला खाजगी आधार कुठे लिहायचा. मी म्हणायचो, पाहुण्याला दिलेलं मोजत नाहीत.

आता ते घर. नवरा साधारण पन्नाशीचा, वाडीतली राजेळी केळी, भाजी, थोडी फुलं. बायको भुईगावची. नवऱ्याची आई म्हातारी, तिच्या दोन्ही मूत्रपिंडांनी काम थांबवलेलं, आठवड्यातून ठरल्या वारी डायलिसिस. स्टेशनजवळच्या एका खाजगी केंद्रात ते होत असे. मुलीनं आधी नवऱ्याला विचारलं. तो ओट्यावर बसून म्हणाला, सगळं सरकारच्या कार्डावर होतं, आम्हाला एक पैसा पडत नाही, सरकारनं जन्मात एक काम बरं केलं. तिनं ते सरकारच्या भागात नोंदवलं. मग ती मागे विहिरीजवळ गेली, बायको तिथे भांडी घासत होती. तिला भावाबहिणींचं विचारलं. तिनं आधी काहीच नाही म्हणून सांगितलं. मग माहेरचं वेगळं विचारल्यावर ती थांबली. केंद्राचा सगळा खर्च तिचा भुईगावचा भाऊ देत होता. त्या केंद्रात कार्ड चालतच नव्हतं. कार्ड चालणारी जागा लांब होती, तिथे नंबर लागायला वेळ, आणि म्हातारीला तेवढा प्रवास झेपेना. नवऱ्याचं आणि भावाचं बोलणं बंद. तिचे वडील गेल्यावर भावानं बहिणीकडून जमिनीतल्या वाट्याचा हक्कसोड लिहून घेतला, ते नवऱ्याला लागलं होतं. त्या घरचं मीठसुद्धा नको, असं तो भर अंगणात म्हणाला होता. म्हणून तिनं त्याला सांगितलं की कार्डावर होतं. भाऊ महिन्याच्या महिन्याला केंद्रात जाऊन भरायचा. तिच्या मते ती मदत नव्हतीच. ते तिचंच होतं, हक्कसोडातलं, उशिरा परत येत असलेलं.

मुलीनं तेही नोंदवलं, नातेवाइकांच्या भागात. ज्यानं जे सांगितलं ते त्याच्या भागात. तिचं काम बरोबर होतं.

पण एकाच खर्चाला दोन देणारे झाले. आमच्या टॅबमध्ये ते चालत नसे. खर्चापेक्षा आधार जास्त दिसला की त्या घरापुढे लाल खूण येई आणि पर्यवेक्षकानं ती मिटवल्याशिवाय गावाचं काम पुढे जात नसे. मी मुलीला बोलावून विचारलं. तिनं दार लोटून घेतलं आणि मला सगळं सांगितलं, वर लिहिलं ते. शेवटी म्हणाली, "सर, अंकलना विचारू नका. आंटींनी मला शपथ घातलीय."

मी बरं म्हणालो.

इथे मला थांबून एक सांगायला हवं. मला तेव्हा तीन वाटा होत्या, आणि तिन्ही माहीत होत्या. सरकारचा भाग कमी करून भावाचा ठेवता आला असता, कारण खरं ते होतं, आणि केंद्रात कार्ड चालत नाही याची मी फोन करून खात्रीही केली होती. शेरा लिहून फाइल तशीच वर पाठवता आली असती. किंवा घरी जाऊन पुन्हा विचारायचं. पहिल्या वाटेत कर्त्याचं उत्तर मी माझ्या मनानं बदलल्यासारखं झालं असतं. शेरा असलेली फाइल वरून परत येते, आणि माझी एकही फाइल कधी परत आली नव्हती. मी तिसरी वाट धरली. लोक विचारतील, त्यात राग होता का, घाई होती का. काही नव्हतं. फाइल स्वच्छ हवी होती.

मी गेलो तेव्हा बायको सासूला घेऊन केंद्रात गेली होती. नवरा वाडीत कोयत्यानं केळींची वाळलेली पानं काढत होता. मी ओळख सांगितली. तो कोयता हातात तसाच ठेवून म्हणाला, "बसा साहेब," आणि बसायला एक उलटी पाटी दिली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, डायलिसिस पूर्ण कार्डावरच होतं ना. तो हो म्हणाला. मी म्हणालो, त्या केंद्रात कार्ड चालत नाही बहुतेक. तो म्हणाला, चालतं, दोन वर्षं चालतंय. मी पुन्हा म्हणालो, मी चौकशी केली आहे. तो हसला. म्हणाला, तुमची चौकशी कागदावरची, आमची आई रोजची. हे ऐकून मला वाटलं, याला काही माहीत नाही आणि हा मला शिकवतोय. एवढंच वाटलं. त्यावर मी म्हणालो,

"म्हणजे खर्च सरकार देतं की मेहुणे?"

त्यानं एक वाळलेलं पान ओढलं, ते निघालं नाही, मग कोयत्यानं कापलं.

"कुठले मेहुणे?" असं त्यानं विचारलं.

मी म्हणालो, असंच, तपासायचं असतं, दोन नोंदी आल्या आहेत.

"कुणी दिली नोंद?"

मी म्हणालो, ते सांगता येत नाही. गुप्त असतं.

तो म्हणाला, "लिहा. सरकार देतं."

मी त्याच्यासमोर भावाचा आकडा काढून टाकला आणि सरकारचा ठेवला. लाल खूण गेली. तो फाटकापर्यंत माझ्याबरोबर आला. मध्येच वळून झाडाखालच्या घडातली एक फणी कापली आणि माझ्या पिशवीत घातली. मी घेतली. घरी आणून टोपलीत ठेवली. पिकायला चारपाच दिवस लागले. मी ती सगळी खाल्ली.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी कळलं. तो त्याच दुपारी केंद्रात गेला आणि खिडकीवर विचारलं, पैसे कोण भरतं. रात्री बायकोला एवढंच म्हणाला की अख्ख्या गावाला माहीत होतं, मलाच नव्हतं. कुणाकडून कळलं ते त्यानं सांगितलं नाही. मला वाटतं, एका परक्या माणसासमोर आपल्याला काही माहीत नव्हतं हे त्याला सांगायचं नव्हतं. पण बायकोनं ती गोष्ट जगात एकाच माणसाला सांगितली होती. तिनं हिशेब केला. तिच्या जागी मी असतो तर तोच केला असता.

भावाचे पैसे बंद झाले. म्हातारीला लांबच्या, कार्ड चालणाऱ्या केंद्रात न्यायला लागले. कधी रिक्षा, कधी कुणाची गाडी, कधी नंबर चुकायचा. ती आणखी काही महिने जगली. त्यामुळे गेली असं मी म्हणत नाही. वय होतं, आजार तो होता. त्यामुळे गेली नाही असंही मला म्हणता येत नाही.

मुलीला हे कळलं ते रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर. ती बाई तिच्या आईपाशी आली आणि चारचौघींत म्हणाली, तुमच्या मुलीला घरात घेतलं ती माझी चूक. दुसरं काही म्हणाली नाही. त्या गावात तेवढं पुरतं. पुढच्या आठवड्यात मुलगी ज्या घरांत गेली तिथे पाणी मिळालं, केळीही मिळाली, पण उत्तरं मिळाली नाहीत. सगळ्यांना सगळं स्वतःचं, कुणाकडून काही येत नाही.

ती माझ्याकडे आली. हॉलमध्ये मी एकटाच होतो, मुलं जेवायला गेली होती. ती उभीच राहिली.

"सर, तुम्ही अंकलना काही विचारलंत का?"

मी नाही म्हणालो.

"काहीच नाही?"

"नाही. तूच कुठे बोलली असशील. आईशी वगैरे."

"आईशी पण नाही बोलले," ती म्हणाली.

 मी टॅबकडे बघत होतो. मग तिनं तिचा टॅब, चार्जर आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. घरी काम आहे, यापुढे जमणार नाही म्हणाली. मी तिच्या नावापुढे वैयक्तिक कारण असं लिहिलं. सांडोरचं उरलेलं काम दुसऱ्या मुलांनी संपवलं. अहवालाच्या वेळी वरिष्ठांनी माझ्या गावांचं कौतुक केलं, विसंगती सर्वांत कमी आहे म्हणाले. त्या घराची नोंद त्यात आहे. सरकारकडून पूर्ण खर्च, नातेवाइकांकडून काही नाही. ती नोंद चुकीची आहे. आता ती बदलता येत नाही. हजारो घरांच्या बेरजेत एक घर कुणाला दिसत नाही.

नंतर मी ते काम सोडलं. पुढची काही वर्षं हे माझ्या मनात रोज येत होतं असं लिहिलं तर खोटं होईल. येत नव्हतं. मी भाजी आणायचो, पेपर वाचायचो, बिल्डिंगच्या मीटिंगला जायचो. सांडोरकडून यायची वेळ आली की दुसऱ्या रस्त्यानं यायचो, पण का ते स्वतःला विचारत नसे.

गेल्या वर्षी माझ्याच दारात एक बाई आली, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. दुसरीच कुठली तरी पाहणी. शेजारचे गृहस्थ माझ्याकडे चहाला बसले होते. तिनं त्यांच्यासमोरच विचारलं, मुलगा काही पाठवतो का. मी नाही म्हणालो. तिनं तसं टिपलं. माझा मुलगा दर महिन्याला पाठवतो आणि मी ते घेतो. शेजाऱ्यांना मी कायम सांगत आलो होतो की माझं पेन्शनवर भागतं. बाई गेल्यावर शेजारी म्हणाले, आपलं बरं आहे, पोरांपुढे हात पसरावा लागत नाही. मी हो म्हणालो. त्या रात्री झोप आली नाही असं काही झालं नाही. पण मी किती सहज नाही म्हणतो, हे मला त्या दिवशी दिसलं. आधीचं नाहीही तेवढंच सहज होतं.

मुलगी एका पतपेढीत लागली आहे हे मला ठाऊक होतं. तिथे माझं खातं नव्हतं. मी उघडलं. दोनतीनदा जाऊन आलो, दुसऱ्या खिडकीवर उभा राहिलो. एकदा तिच्याच खिडकीवर नंबर आला. तिनं नाव वाचून वर बघितलं. लग्न झालेलं दिसत होतं. तिनं विचारलं, कसे आहात सर. मी तिथेच, काचेच्या या बाजूनं, सांगितलं. त्या दिवशी मी तुझ्याशी खोटं बोललो, अंकलना मीच विचारलं होतं.

ती शिक्का मारत होती. तो मारून झाला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्या घरच्या तुमच्या भेटीची नोंद माझ्या टॅबवर आली होती. तारीख, वेळ सगळं."

"मग तू तेव्हा मला का..."

"मी विचारलं की तुम्हाला."

मी मग विचारलं, आंटींना का नाही सांगितलंस, की साहेबांनी सांगितलं म्हणून. ती म्हणाली, मी तुम्हाला सांगितलं होतंच ना, म्हणजे माझ्याकडूनच गेलं. आणि दुसरं, आंटींनी मग अंकलना विचारलं असतं, साहेब आले होते का, काय म्हणाले. पुन्हा तेच सगळं घरात. म्हातारी होती तेव्हा. हे ती अगदी हळू आवाजात बोलत होती, मागच्या माणसाला ऐकू जाणार नाही असं. मी माफी मागायला लागलो. तिनं पासबुक सरकवलं.

"मला नको, सर. माझ्या आईला सांगा. ती अजून माझ्याकडे तशीच बघते."

मी सांडोरला गेलो तो शनिवार होता. तिची आई अंगणात मुळ्याच्या जुड्या बांधत होती. मी कोण ते सांगितलं. तिनं खुर्ची दिली आणि हात न थांबवता ऐकलं. मी काही गाळलं नाही. मुलीनं मला घातलेली गळ, मी बरं म्हणालो ते, वाडीत बोललेलं वाक्य, मुलीला दिलेलं उत्तर, सगळं सांगितलं. ऐकून झाल्यावर तिनं बांधलेली जुडी पाण्याच्या घमेल्यात ठेवली.

मग ती बोलायला लागली. म्हणाली, त्या रविवारी घरी आल्यावर मी मुलीला मारलं. एवढी मोठी मुलगी. ती नाही म्हणत होती आणि मी मारत होते. मला वाटलं, हिच्या बापानंतर एवढं तोंड मिटून जगलो आणि हिनं दुसऱ्याचं घर उघडं केलं. ती बाई आणि मी एका बाकावर बसायचो, लग्न होऊन आलो तेव्हापासून. त्यानंतर ती पुढच्या बाकावर जाऊन बसली. मला मिस्साभर तिची पाठ दिसते. भाऊ म्हातारीच्या मातीला आला होता. फाटकातून आत आला नाही, रस्त्यावरच उभा राहिला आणि गेला.

हे तिनं आवाज न चढवता सांगितलं. मी म्हणालो, मी त्या घरी जाऊन सांगतो.

"तुम्ही नका जाऊ," ती म्हणाली. "तुम्ही एकदा गेलात तेवढं पुरे. लिहून द्या. बोललेलं उद्या राहणार नाही, आणि तुमचं वय झालंय. मी तिच्या हातात देईन."

मी म्हणालो, सगळ्यांची नावं घालून, सही करून देतो. त्यावर ती पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलली.

"आमच्यातल्या कुणाचं नाव नको. माझ्या मुलीचं तर नकोच. तिचं नाव एकदा निघालंय."

मी उठलो. तीही उठली आणि सवयीनं ओट्याच्या कोपऱ्याकडे गेली, तिथे केळी टांगलेली होती. कोयता तिथेच भिंतीला होता. ती त्याच्यापाशी थांबली. मग परत येऊन मुळ्यांजवळ बसली. मी फाटक उघडून बाहेर आलो. त्या गावातून रिकाम्या हातानं मी पहिल्यांदाच निघालो. बसची वाट बघताना हाताचं काय करावं ते कळत नव्हतं.

घरी आल्यावर मी दोन पानं लिहिली. त्यात वरचंच होतं, थोडक्यात, नावांशिवाय. खाली सही केली, कारण माझं नाव नको असं ती म्हणाली नव्हती. पुढच्या आठवड्यात नेऊन दिली. तिनं उभ्याउभ्याच वाचली, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली आणि या म्हणाली. म्हणजे आता जा.

पुढे मला कुणी काही कळवलं नाही. मीही विचारलं नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरात काय चाललंय ते विचारत आलो, आणि आता विचारावंसं वाटत नव्हतं. हे सविस्तर लिहायला बसलो ते त्या दोन पानांत वाडीतली फणी लिहायची राहिली म्हणून. ती मी खाल्ली हे त्यात नव्हतं.

दीडदोन महिन्यांनी पतपेढीत गेलो. मुलीच्याच खिडकीवर उभा राहिलो. तिनं पासबुक छापायला लावलं. मशीन आवाज करत होतं.

"आंटी परवा मागच्या बाकावर आल्या," ती म्हणाली. "आईच्या शेजारी."

मी विचारलं, काही म्हणाल्या का.

"नाही. बसल्या. मिस्सा झाल्यावर उठून गेल्या."

"आणि त्यांचा भाऊ?"

तिनं मान हलवली. नाही, किंवा माहीत नाही, यांपैकी काय ते मला कळलं नाही. मला वाटलं होतं, असं काही ऐकल्यावर हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. तिनं पासबुक काढून माझ्यापुढे ठेवलं. मागे माणसं उभी होती. मी ते उचललं आणि बाजूला झालो.